शारदाला सहानुभूती का मिळत नाही?

एमए मराठीला नाटकाच्या पेपरात एक प्रश्न फिरून फिरून येतो: दोन पात्रांविषयी प्रेक्षकांच्या मनात वेगवेगळ्या भावना नाटककार कशा जागवतो, तुलना करा. नवी मुलं एका पानावर पहिल्या पात्राचं स्वभावचित्रण लिहितात, दुसऱ्या पानावर दुसऱ्याचं, आणि शेवटी ‘अशा प्रकारे’ म्हणून चार ओळी जोडतात. अक्षर कितीही सुंदर असलं तरी अशा उत्तराला बेताचेच मार्क पडतात. विचारलेलं असतं नाटककाराबद्दल, लिहिलेलं असतं पात्रांबद्दल. ‘नटसम्राट’मधले म्हातारे नट गणपतराव मानी आणि त्यांची सून शारदा कोत्या मनाची, एवढं गाईडमध्येही मिळतं. ती आपल्याला कोती वाटते, ती कशामुळे?

शिकत असताना मी नाशिकच्या एका हौशी ग्रुपमध्ये प्रॉम्प्टिंग करायचो. विंगेत हातात संहिता, समोर नट आणि तिरक्या नजरेनं दिसणाऱ्या पहिल्या दोन रांगा. कुठलं वाक्य पडलं की कुणाचा चेहरा बदलतो, हे तिथून जितकं कळतं तितकं वर्गात कळत नाही. नव्या विद्यार्थ्याला माझा पहिला सल्ला हाच असतो, की ग्रुपमध्ये शिरा, मिळेल ते काम करा. तेही जमत नसेल तर राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी नाशिक केंद्रावर असते तेव्हा रोज जाऊन बसा, तिकीट नाममात्र असतं. तिथे पडलेलं नाटकही बघावं. प्रेक्षक नक्की कुठल्या क्षणी हातातून सुटला, हे पडलेल्या नाटकात फार स्पष्ट दिसतं.

अभ्यासाला ‘नटसम्राट’च घ्या. शिरवाडकर आपल्या नाशिकचे, संहिता सार्वजनिक वाचनालयात सहज मिळते आणि नाटक सगळ्यांनी निदान ऐकलेलं असतं. १९७० साली ते रंगमंचावर आलं, गणपतराव बेलवलकर डॉ. श्रीराम लागूंनी उभे केले, १९७४ साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एवढी माहिती प्रस्तावनेत दोन ओळींत उरका. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’शी असलेलं नातंही एका वाक्यात पुरे. काहीजण तिथेच पान संपवतात आणि मूळ प्रश्न राहून जातो.

आता सुरुवात नीट बघा. पडदा उघडतो तो गणपतरावांच्या सत्कारावर. ते भाषण करतात. कुणासमोर? आपल्यासमोर. तिकीट काढून आलेलो आपण त्या क्षणी नाटकातल्या सत्काराला जमलेले रसिक होऊन बसतो आणि खऱ्या टाळ्या वाजवतो. घर, मुलं, सून यांतलं काही सुरू व्हायच्या आत आपण गणपतरावांच्या बाजूला बसलेले असतो. शारदाला अशी संधी पूर्ण नाटकात मिळत नाही. ती घरातल्यांशी बोलते, आपल्याशी कधीच नाही. शिवाय आपण तिला गणपतरावांच्या शेजारी बसून बघत असतो.

हे खोटं वाटत असेल तर एक प्रयोग करून बघा. नाटक न वाचलेल्या दोन-तीन मित्रांना फक्त शारदाचे प्रवेश वाचायला द्या, आधीचं काही सांगू नका. तिचा संसार आहे, लहान मुलगी आहे आणि घरात एक अवलिया म्हातारा येऊन राहिलाय. कॉलेज रोडच्या चहाच्या टपरीवर मी हे करून बघितलंय. एक मुलगी चटकन म्हणाली, ‘‘बरोबरच बोलतेय की ती, माझी आई हेच म्हणते.’’ म्हणजे शारदाची बाजू संहितेत आहे. शिरवाडकरांनी ती कापलेली नाही, फक्त आपल्याला ती उशिरा आणि लांबून ऐकवली आहे. उत्तरात हे एवढं लिहिलंत तरी तपासणारा मान वर करतो.

दुसरी जागा गणपतरावांच्या बायकोची, कावेरीची. गणपतरावांचे दोष आपल्याला कळतात ते बरेचसे तिच्या तोंडून. सगळं मुलांच्या हवाली करताना सावध करणारी तीच. ते तिचं ऐकत नाहीत आणि पुढे काय वाढून ठेवलंय याची कुणकुण आपल्याला त्यांच्या आधी लागते. पण दोष काढणारं माणूसच जिवापाड प्रेम करणारं असलं की आपला राग तिथेच विरघळतो. हेच दोष पुढे शारदा काढते तेव्हा मात्र ते टोचतात. तक्रार तीच असते, तोंड बदललेलं असतं. तुलनेच्या प्रश्नात बहुतेकजण कावेरीला वगळतात, कारण प्रश्न ‘दोन पात्रांचा’ असतो. वगळू नका. दोन पात्रांमधला तराजू बऱ्याचदा तिसऱ्याच पात्राच्या हातात असतो.

आणि नलू. गणपतरावांवर चोरीचा आळ परक्याकडून किंवा सुनेकडून येता तर प्रेक्षक नुसता चिडला असता. तो येतो पोटच्या मुलीकडून, म्हणून प्रेक्षागृहात राग येण्याआधी सन्नाटा पसरतो. उत्तरात या दोन प्रतिक्रिया वेगळ्या नोंदवा. ‘सहानुभूती’ या एकाच शब्दावर चार पानं काढणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. कीव, चीड, अवघडलेपण, गंमत, भीती, जे असेल ते नाव घेऊन लिहा.

एवढं वाचून कुणी सूत्र काढेल की जो प्रेक्षकांशी बोलतो तो जिंकतो. मग शेक्सपिअरचंच ‘ऑथेल्लो’ उघडा. तिथे मनातलं आपल्याला येऊन सांगणारा इयागो आहे आणि त्याची वाक्यं ऑथेल्लोपेक्षाही जास्त आहेत. ऑथेल्लोला फसवण्याचा त्याचा डाव आपल्याला आधीपासून ठाऊक असतो. तरी आपण त्याचे चाहते होत नाही, साक्षीदार होतो, आणि ऑथेल्लो त्याला प्रामाणिक म्हणतो तेव्हा खुर्चीत चुळबुळतो. ऑथेल्लोची तर आधी निंदाच कानावर येते, तीही नाव न घेता. पुढच्या प्रवेशात तो स्वतः येतो तो इतका शांत, की ऐकलेलं सगळं तिथल्या तिथे खोटं पडतं. देवलांनी याच नाटकावरून ‘झुंझारराव’ केलं होतं. जमलं तर तेही शेजारी ठेवून वाचा.

लिहिताना प्रत्येक मुद्द्याला संहितेतली जागा द्या: कुठला प्रवेश, रंगमंचावर कोण होतं, कोण नुकतंच आत गेलं होतं, आपल्याला काय ठाऊक होतं आणि पात्राला काय नव्हतं. ‘कुणी घर देता का घर’ सगळ्यांच्याच पेपरात असतं, तुमच्या पेपरात नसलं तरी चालेल.

हे हाताखालून गेलं की कानेटकरांच्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’कडे वळा. १९६२ चं नाटक, आणि कानेटकरही नाशिकचेच. तिथे एका बाजूला शिवाजी महाराज आणि दुसऱ्या बाजूला संभाजी, म्हणजे प्रेक्षक दोघांनाही आधीच घरून मनात घेऊन आलेला असतो. शारदाला जसं लांब ठेवता आलं तसं इथे कुणालाच ठेवता येत नाही. मग बापलेकांच्या प्रवेशात कुठल्या वाक्याला आपण कुणाकडे झुकतो आणि पुढच्या वाक्याला परत कसे ओढले जातो, ते पेन्सिल घेऊन समासात खुणा करत वाचा. वाचनालयाच्या प्रतीवर नको, झेरॉक्सवर.