पायथनमधून सर्व्हरला जोडताय? या चुका टाळा

सोलापुरातला अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना घ्या नाहीतर नव्या पेठेतलं कापडाचं दुकान. अनेकांचा हिशेब, स्टॉक आणि ऑर्डरी आता भाड्याच्या सर्व्हरवर असतात आणि तो सर्व्हर असतो मुंबईच्या कुठल्यातरी डेटा सेंटरमध्ये. रात्री बॅकअप ओढायचा, सकाळी ऑर्डरची फाइल चढवायची, डिस्क किती भरली ते बघायचं, ही कामं एखादी पायथनची स्क्रिप्ट करत असते. ती लिहिलेली असते नुकत्याच कॉलेजातून बाहेर पडलेल्या एखाद्या पोराने, नेटवरून चार तुकडे उचलून. स्क्रिप्ट चालते, मालक खूश. ती कशाच्या जोरावर चालते, हे मात्र सहसा कुणी उघडून बघत नाही.

अशा स्क्रिप्टा दुरुस्तीला येतात तेव्हा त्यांत एक गोष्ट हमखास दिसते. कुठेतरी एरर आली होती आणि कुणीतरी ती न वाचता गप्प केली होती. खालच्या बहुतेक चुका त्याच जातकुळीतल्या आहेत.

सर्व्हरची ओळख न तपासणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून आधी हिच्याबद्दल सविस्तर.

एसएसएच, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे लॉगिन करायची पद्धत, १९९५ साली आलं. हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरीला गेले, त्यानंतर तिथल्याच तातू इलोनेन यांनी ते लिहिलं. त्याआधीच्या टेलनेटमध्ये पासवर्ड तारेवरून उघडाच जायचा. एसएसएच दोन कामं करतं. बोलणं कुलूपबंद करतं आणि समोरचा सर्व्हर खरंच तोच आहे का, ते तपासतं. पहिलं काम सगळ्यांना माहीत असतं. दुसरं लोक स्वतःच्या हाताने बंद करून टाकतात.

पायथनमध्ये एसएसएचसाठी सहसा पॅरामिको ही लायब्ररी वापरतात. अनोळखी सर्व्हर दिसला की नकार द्यायचा, हा तिचा मूळ स्वभाव. त्याला रिजेक्टपॉलिसी म्हणतात. त्यामुळे पहिल्याच वेळी स्क्रिप्ट अडते आणि सांगते की हा सर्व्हर नोन-होस्ट्समध्ये, म्हणजे ओळखीच्या सर्व्हरांच्या यादीत, सापडला नाही. पोरगं ती ओळ गूगलवर टाकतं. उत्तर मिळतं: ऑटोअ‍ॅडपॉलिसी लाव. एक ओळ चिकटवली की एरर गायब.

आता आत काय झालं ते बघा. प्रत्येक सर्व्हरची स्वतःची किल्ल्यांची जोडी असते, तिला होस्ट की म्हणतात. पहिल्यांदा जोडताना तिचा सार्वजनिक भाग आपल्याकडे डॉट-एसएसएच फोल्डरातल्या नोन-होस्ट्स फाइलमध्ये नोंदवला जातो आणि पुढे दर वेळी त्याच्याशी ताडून बघितला जातो. ऑटोअ‍ॅडपॉलिसी म्हणते, नवीन असेल तर बिनधास्त घ्या. त्यात स्क्रिप्टने जुनी नोन-होस्ट्स फाइल लोडच केली नसेल, आणि बहुतेक वेळा केलेली नसते, तर प्रत्येक रात्री प्रत्येक सर्व्हर नवीनच. ताडून बघायची वेळच येत नाही. कारखान्याच्या गेटवर वॉचमन बसवावा, त्याला रजिस्टर द्यावं आणि रोज रात्री ते रजिस्टर जाळून टाकावं, तसलं हे. येईल त्याचं नाव लिहून घेतो, सलाम ठोकतो, आत सोडतो.

मधे कुणी घुसलं आणि तुम्ही पासवर्डने लॉगिन करत असाल तर पासवर्ड थेट त्याच्या हातात जातो. पासवर्डऐवजी तुमची स्वतःची की, म्हणजे खाजगी-सार्वजनिक किल्ल्यांची जोडी, वापरत असाल तर खाजगी की फुटत नाही, पण तुम्ही पाठवलेली फाइल भलत्याच मशीनवर जाते आणि तिकडून आलेलं उत्तर तुम्ही खरं मानता.

दुरुस्ती अवघड नाही. ज्या युजरखाली स्क्रिप्ट चालणार आहे, त्याच युजरने टर्मिनलवरून एकदा हाताने जोडा. स्क्रीनवर एसएचए२५६ ने सुरू होणारा फिंगरप्रिंट, म्हणजे त्या होस्ट कीची छोटी खूण, दिसेल. होस्टिंगच्या वेब कन्सोलमधून सर्व्हरवर जाऊन तिथल्या होस्ट कीच्या सार्वजनिक फाइलवर एसएसएच-कीजेन हायफन-एल हायफन-एफ चालवा. दोन्ही फिंगरप्रिंट जुळले तरच ‘येस’ लिहा. मग स्क्रिप्टमध्ये लोड-सिस्टिम-होस्ट-कीज ही ओळ घाला आणि ऑटोअ‍ॅडची ओळ उडवा.

तरीही ‘सापडला नाही’ येत असेल तर दोन ठिकाणं बघा. स्क्रिप्ट रूटच्या, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या युजरच्या, क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय) चालत असेल तर ती रूटची नोन-होस्ट्स फाइल बघते, तुमची नाही. आणि पोर्ट एसएसएचचा नेहमीचा २२ सोडून दुसरा असेल तर त्या फाइलमध्ये सर्व्हरचं नाव चौकटी कंसात, पुढे कोलन आणि पोर्ट असं लिहिलेलं लागतं. हाताने ओळ चिकटवणारे इथे हमखास फसतात. एसएसएच-कीस्कॅनबद्दलही गैरसमज आहे. ते समोरून जी की येईल ती आणून देतं, खरी की खोटी हे बघत नाही. फिंगरप्रिंट ताडायचं काम तुमचंच.

पायथनमधून सबप्रोसेसने साधी एसएसएच कमांड चालवणाऱ्यांचा हाच घोळ वेगळ्या नावाने असतो: स्ट्रिक्ट-होस्ट-की-चेकिंग बरोबर ‘नो’. अगदीच पर्याय नसेल तर तिथे ‘अ‍ॅक्सेप्ट-न्यू’ लिहा. ओपनएसएसएच ७.६ पासून, म्हणजे २०१७ पासून ते आहे. नवीन सर्व्हर घेतं, पण ओळखीच्या सर्व्हरची की बदलली तर अडवतं.

आणि की खरंच बदलली तर? गड्ड्याच्या यात्रेच्या सुट्टीत एका ठिकाणी असंच झालं. रात्रीची स्क्रिप्ट बॅड-होस्ट-की म्हणून थांबली आणि सकाळी फोन आला.

“अण्णा, नोन-होस्ट्समधली जुनी ओळ उडवून टाकू का? लगेच चालू होईल.”

“थांब. आधी होस्टिंगवाल्याला विचार, सर्व्हर बदललाय का. नवा फिंगरप्रिंट घे, जुळव आणि मग उडव.”

सर्व्हर खरंच नव्याने बसवला होता. ओळ एसएसएच-कीजेन हायफन-आर (कॅपिटल आर) ने काढली आणि काम सुरू झालं. त्या विचारपूसला एक फोन लागला, बस.

पासवर्ड स्क्रिप्टमध्येच

याबद्दल फार लिहायला नको, कारण सगळ्यांना कळतं आणि तरी सगळे करतात. स्क्रिप्ट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते, पेन ड्राइव्हवर जाते, गिटमध्ये, म्हणजे कोडचे बदल नोंदवणाऱ्या साधनात, चढते. नंतर ती ओळ पुसली तरी गिटच्या इतिहासात पासवर्ड तसाच राहतो. म्हणून पुसत बसू नका, पासवर्डच बदला. एसएसएचला पासवर्ड पुरवणारं एसएसएचपास वापरून हायफन-पी पुढे पासवर्ड देणं त्याहून वाईट, कारण चालू प्रोसेसच्या यादीत तो मशीनवरच्या इतरांनाही दिसू शकतो.

की वापरा. ईडी२५५१९ प्रकारची, आणि प्रत्येक कामाला वेगळी. बॅकअपची की फक्त बॅकअपपुरती. सर्व्हरवरच्या ऑथराइज्ड-कीज फाइलमध्ये त्या कीच्या ओळीच्या सुरुवातीला ‘रिस्ट्रिक्ट’ लिहिता येतं आणि ‘कमांड’ देऊन ती की फक्त एकच कमांड चालवेल असं बांधता येतं. हे फारच कमी जण करतात. मला विचाराल तर आपोआप चालणाऱ्या कामासाठी पासफ्रेज (कीच्या फाइललाच लावलेला पासवर्ड) नसलेली पण अशी बांधलेली की चालेल. पासफ्रेज लावायचा आणि तो त्याच स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवायचा, यात कमाई शून्य.

की आहे, तरी ऑथेंटिकेशन फेल

इथे लोक तासन्‌तास घालवतात, कारण ते चुकीच्या बाजूला बघत असतात. पॅरामिको फक्त एवढंच सांगतं की ऑथेंटिकेशन झालं नाही. सर्व्हरही आपल्याला कारण सांगत नाही, आणि ते बरोबरच आहे, चोराला कशाला सांगायचं? खरं कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये असतं. उबुंटूवर आणि डेबियनच्या ११ पर्यंतच्या आवृत्त्यांवर व्हार-लॉगमधली ऑथ-डॉट-लॉग, रेड हॅटच्या कुटुंबात सिक्युअर नावाची फाइल. वेब कन्सोलवरून ती उघडी ठेवा आणि मग स्क्रिप्ट चालवा.

तिथे ‘बॅड ओनरशिप ऑर मोड्स’ दिसलं तर परवानग्यांचा प्रश्न आहे. डॉट-एसएसएच फोल्डर ७००, ऑथराइज्ड-कीज ६००, आणि होम फोल्डरवर ग्रुपला किंवा इतरांना लिहिण्याची परवानगी नको. ही शेवटची अट विसरली जाते. वेबसाइट चालत नाही म्हणून कुणीतरी होम फोल्डरला ७७७ देऊन ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी की चालेनाशी होते.

‘की टाइप एसएसएच-आरएसए’ स्वीकारलेल्या यादीत नाही, असं दिसलं तर कारण वेगळं. ओपनएसएसएच ८.८ ने २०२१ मध्ये एसएचए-१ वरच्या आरएसए सह्या घेणं मूळ सेटिंगमध्ये बंद केलं. उबुंटू २२.०४ मध्ये ८.९ येतं, त्यामुळे सर्व्हर २०.०४ वरून चढवला की जुन्या स्क्रिप्टा अचानक बसतात. तुमची आरएसए की खराब झालेली नसते, तुमचं पॅरामिको जुनं असतं. २.९ किंवा पुढची आवृत्ती घ्या. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये जुना प्रकार पुन्हा चालू करायचा सल्ला नेटवर जागोजागी मिळेल. तो घेऊ नका.

‘टू मेनी ऑथेंटिकेशन फेल्युअर्स’ आलं तर तुमच्या एजंटमध्ये (किल्ल्या मेमरीत सांभाळणारा प्रोग्रॅम) खूप किल्ल्या आहेत. पॅरामिको एकेक करून त्या लावून बघतं, आणि सर्व्हरची मर्यादा मूळ सेटिंगमध्ये सहा प्रयत्नांची असते. लुक-फॉर-कीज आणि अलाऊ-एजंट दोन्ही ‘फॉल्स’ करा आणि नेमकी कीची फाइल सांगा.

विंडोजवाल्यांसाठी एक खास गोष्ट. पुटी या एसएसएचच्या प्रोग्रॅममधून बनवलेली पीपीके ही कीची फाइल पॅरामिकोला वाचता येत नाही. पुटीजेनच्या कन्व्हर्जन्स मेनूतून ती ओपनएसएसएचच्या स्वरूपात काढून घ्या. आणि नावाच्या शेवटी पब असलेली फाइल खाजगी की म्हणून देत नाही ना, तेही एकदा बघा. हसू नका, होतं.

कमांड ‘चालली’, पण काम झालं नाही

एक्झेक-कमांड हे फंक्शन कमांड सोडतं आणि लगेच परत येतं. काम संपायची वाट बघत नाही. पुढच्याच ओळीत कनेक्शन बंद केलं तर बॅकअप अर्धवट तुटू शकतो आणि स्क्रिप्ट मात्र शेवटी ‘बॅकअप झाला’ असं छापून मोकळी होते. सर्व्हरची डिस्क भरलेली असली तरी तेच छापते, कारण एक्झिट कोड, म्हणजे कमांड यशस्वी झाली की नाही ते सांगणारा आकडा, कुणी विचारलेलाच नसतो. आउटपुट पूर्ण वाचा, मग रिसीव्ह-एक्झिट-स्टेटसने कोड घ्या, शून्य नसेल तर बोंब मारा.

हा क्रम उलटा करू नका. आधी एक्झिट कोडची वाट बघत बसलात आणि आउटपुट मोठं असेल तर बफर भरतो. सर्व्हर तुमच्या वाचण्याची वाट बघतो, तुम्ही त्याच्या संपण्याची. दोघंही सकाळपर्यंत तसेच. छोट्या आउटपुटवर हे कधीच दिसत नाही, म्हणून तपासणीत सुटतं आणि महिनाअखेरीस, फायली वाढल्यावर उगवतं. शिवाय रिसीव्ह-एक्झिट-स्टेटसला टाइमआउट लागू होत नाही. टाइमआउट द्यायचा तो एक्झेक-कमांडला द्या, तो वाचताना लागू होतो.

प्रत्येक एक्झेक-कमांड नव्या चॅनलवर चालते, त्यामुळे एका कमांडमध्ये सीडी करून दुसरीत त्या फोल्डरात असण्याची अपेक्षा धरू नका. एकाच कमांडमध्ये दोन अ‍ॅम्परसँडने जोडा, नाहीतर पूर्ण पाथ द्या. टर्मिनलवर चालणारी कमांड स्क्रिप्टमधून ‘कमांड नॉट फाउंड’ आणि कोड १२७ देते, त्याचं कारणही असंच साधं. तिथे लॉगिन शेल नसतो, म्हणून तुमच्या प्रोफाइलमधला पाथ वाचलाच जात नाही. आणि सुडो लावून, म्हणजे रूटच्या अधिकाराने कमांड चालवताना, स्क्रिप्ट नुसतीच लटकली असेल तर ती पासवर्डची वाट बघतेय. सुडो हायफन-एन द्या, म्हणजे ती लटकायच्या ऐवजी लगेच अपयश कळवेल. मग लागणाऱ्या तेवढ्याच एका कमांडला सुडोअर्स या परवानग्यांच्या फाइलमध्ये पासवर्डशिवाय परवानगी द्या. सगळ्यालाच ऑल लिहून मोकळं होऊ नका.

फाइलचं नाव थेट कमांडच्या ओळीत चिकटवणं ही अजून एक सवय. ‘चादर ऑर्डर मार्च’ अशा नावाचे सर्व्हर तीन तुकडे करतो. ते एकवेळ परवडलं. पण नाव गिऱ्हाइकाने पाठवलेल्या फाइलचं असेल आणि त्यात अर्धविराम आणि पुढे दुसरी कमांड असेल, तर सर्व्हर तीही इमानेइतबारे चालवतो. पायथनच्या शेलेक्स मॉड्यूलमधलं कोट फंक्शन यासाठीच आहे.

फाइल चढवताना एसएफटीपीच्या (एसएसएचवरून फायली हलवायची सोय) पुट फंक्शनला सर्व्हरवरच्या फोल्डरचं नाव देऊन भागत नाही, फाइलच्या नावासकट पूर्ण पाथ लागतो. नाहीतर नुसतं ‘फेल्युअर’ येतं, बाकी काही कळत नाही. आणि समोर दुसरा प्रोग्रॅम त्या फाइलची वाट बघत असेल तर आधी तात्पुरत्या नावाने चढवा, पूर्ण झाल्यावर पॉझिक्स-रीनेमने खरं नाव द्या. उन्हाळ्यात दुपारी लाइट गेली, राउटर बसला, तरी अर्धी फाइल कुणी उचलणार नाही.

एरर आली की पुन्हा पुन्हा धडका

नेट जातं-येतं म्हणून स्क्रिप्टमध्ये रीट्राय घालणं बरोबरच आहे. पण कुठल्याही एररवर रीट्राय करणं चूक. कनेक्शन झालं नाही तर थोडं थांबून पुन्हा बघा, दर वेळी थांबण्याचा वेळ वाढवत. ऑथेंटिकेशन फेल झालं किंवा होस्ट की जुळली नाही तर तिथेच थांबा. ते दहा वेळा केल्याने बरोबर होणार नाही.

होणार काय, तर सर्व्हरवर फेल२बॅन असेल आणि त्याच्या मूळ सेटिंगवर एसएसएचची राखण चालू असेल, तर दहा मिनिटांत पाच चुकीचे प्रयत्न दिसताच तो तुमचा आयपी दहा मिनिटं अडवतो. अख्ख्या ऑफिसचा बाहेरचा आयपी एकच असतो. म्हणजे स्क्रिप्ट चुकते एका कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर आणि बिलिंगवाले ओरडतात की सर्व्हर बंद पडला. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून जोडून बघा. तिकडून जोडलं गेलं तर सर्व्हर ठीक आहे, तुमचा आयपी अडवलाय. वेब कन्सोलवरून फेल२बॅन-क्लायंटला एसएसएचडीची स्थिती विचारली की अडवलेल्या आयपींची यादी मिळते, आणि त्यातूनच अन-बॅनही करता येतं. त्याआधी मात्र ती स्क्रिप्ट क्रॉनमधून बंद करा, नाहीतर पुढच्या फेरीला पुन्हा तेच.