नम्रतेचा सराव करताय? या चुका टाळा

चर्चमधली उपासना संपल्यावर कुणी म्हणतं, "आजचं गाणं छान झालं हं." आपण लगेच, "छे हो, माझं कसलं, सगळं प्रभूचं!" आणि मग किंचित थांबतो, समोरच्याने "नाही, खरंच" म्हणावं म्हणून. मी वर्षानुवर्षं हेच केलं. शेवटी पेटी वाजवणाऱ्या काकूंनी विचारलं, "अगं, कौतुक परत करतेस की दुप्पट मागतेस?" आता मी "थँक्यू" म्हणते आणि सतरंज्या गुंडाळायला लागते.

दुसरी चूक म्हणजे जमणारं काम नाकारणं. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात देव मोशेला कामगिरीवर पाठवतो, तर तो म्हणतो, मी जड जिभेचा. देव धीर देतो, सोबत राहीन म्हणतो, तरी याचं आपलं "दुसऱ्या कुणाला पाठव". तेव्हा मात्र देव रागावतो. गंमत अशी की बायबलच्याच गणना या पुस्तकात (१२:३) पृथ्वीवरच्या सगळ्यांहून नम्र म्हटलंय ते याच मोशेला. संडे स्कूलचा वर्ग घ्याल का, असं विचारलं आणि जीभ "नको" म्हणू लागली, तर भीती कशाची आहे ते बघा. मुलांचं नुकसान होईल याची, की आपलं हसं होईल याची?

अन्याय मुकाट सोसणं म्हणजे नम्रता, हे तर सुनांना फारच शिकवलं जातं. अटकेनंतरच्या चौकशीत थोबाडीत बसली तेव्हा येशूने थेट विचारलं, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस? (योहान १८:२३)

पण सगळ्यात उशिरा कळते ती येशूचा शिष्य पेत्र याची चूक. योहान १३ मध्ये येशू शिष्यांचे पाय धुतो, तेव्हा पेत्र म्हणतो, माझे पाय तू कधीच धुणार नाहीस. ऐकायला किती नम्र! येशू सांगतो, मग तुला माझ्याबरोबर वाटा नाही. त्याच प्रसंगाची आठवण म्हणून आम्हीही पवित्र गुरुवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, चर्चमध्ये पाय धुवून घ्यायला जाताना ते घरीच घासून, नखं कापून जातो. मळका पाय दुसऱ्याच्या हातात द्यायचा नसतो ना.

मागे माझं ऑपरेशन झालं तेव्हा शेजारणीने आठ दिवस डबा दिला. रिकामा डबा परत करायचा नाही, ही आईची शिकवण. म्हणून टाके ओले असतानाच मी शिरा करायला उठले. शेजारणीने गॅस बंद केला, डबा हातातून घेतला आणि रिकामाच घेऊन गेली.