बॉल जॉइंट निघेना? या चुका टाळा

बॉल जॉइंट म्हणजे चाक धरणारं नकल आणि त्याखालचा लोअर आर्म यांना जोडणारा गोल सांधा, आणि स्टड म्हणजे त्यातून निघणारा आटेदार दांडा. पहिल्यांदा बॉल जॉइंट काढायला बसलो तेव्हा स्टडच्या टोकावर इतके घाव घातले की आटे फुलले आणि नट धड वर जाईना, धड खाली येईना. शेजारचे अण्णा कट्ट्यावरून बघत होते. त्यांची सगळी नोकरी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर गेलेली. शेवटी त्यांना राहवेना. "आरं, खिळा ठोकाय लागलाईस का? स्टडला सोड, नकलच्या कानाला मार."

स्टड निमुळता असतो आणि नकलच्या तशाच निमुळत्या भोकात पाचरीसारखा घट्ट बसतो. टोकावर मारून पाचर सुटेलच असं नाही, आटे मात्र नक्की जातात. नट सैल करा, पण तीन-चार आट्यांवर राहू द्या, नाहीतर सुटताना आर्म दाणकन खाली येतो. पहारीनं लोअर आर्म खाली दाबून धरा आणि भोकाच्या बाजूच्या जाड लोखंडावर किलो-दीड किलोच्या हातोड्यानं आडवे, सणसणीत घाव द्या. पलीकडून दुसरा जड हातोडा टेकवून धरला तर काम आणखी लवकर होतं. घावासरशी भोक क्षणभर दबतं आणि स्टड 'टक्' करून सुटतो. नकल अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर हातोड्याला हात लावू नका, ते तडकतं. तिथं पुलरच (स्क्रूनं दाबून सांधा सोडवणारं अवजार) वापरा.

पण मुळात जॉइंट कसला आहे हे न बघताच लोक ठोकत सुटतात. स्विफ्टसारख्या बऱ्याच छोट्या गाड्यांत स्टड सरळ असतो आणि नकलमधला आडवा बोल्ट त्याला आवळून धरतो. हा बोल्ट स्टडच्या खाचेतून जातो, म्हणून नुसता सैल करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो. मग नकलच्या चिरेत छिन्नी हलकेच ठोकून ती केसभर फाकवायची. केसभरच! जोर केला तर कान तुटतो आणि नवं नकल घ्यावं लागतं.

गगनबावड्याकडचा पाऊस खाणारी किंवा २०१९, २०२१ च्या पुरात उभी राहिलेली गाडी असेल तर घाई करूच नका. आधी तारेच्या ब्रशनं आटे साफ करा, रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारा, सकाळी परत मारा. नट फिरवताना स्टडही सोबत फिरायला लागला तर जॉइंटखाली जॅक लावून थोडा वर दाबा. निमुळता भाग भोकात घट्ट बसला की नट एकटा फिरतो.

सांध्यात ठोकायचा दोन दात्यांचा पाचरीसारखा फोर्क स्वस्तात मिळतो, पण तो जॉइंटवरचा रबरी बूट हमखास फाडतो. जॉइंट बदलायचाच असेल तर खुशाल वापरा, परत बसवायचा असेल तर नको. गॅसची ज्योत मात्र घरी नकोच. शेजारीच ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर असते, आणि आतलं तापलेलं ग्रीस बूट फाडून अंगावर उडू शकतं.

विटांवर गाडी टेकवून खाली शिरणारे अजून दिसतात. जॅक उचलायला असतो, गाडी तोलून धरायला लोखंडी घोडीच (जॅक स्टँड) लागते. आणि ज्या गाड्यांत स्प्रिंग किंवा टॉर्शन बारचा (पीळ बसून स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्याचा) ताण थेट आर्मवर येतो, तिथं आर्मखाली जॅकचा आधार न देता जॉइंट सोडणं म्हणजे हातपाय गमावण्याचं काम. अशी गाडी सरळ गॅरेजला न्या.

जॉइंट सुटल्यावर नकल बाहेर ओढू नका. ड्राइव्ह शाफ्टचा (गिअरबॉक्समधून चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचा) आतला जॉइंट निखळतो आणि अंगणात गिअर ऑइलचं तळं होतं. (माझ्या अंगणातला डाग अजून गेलेला नाही.) नकल दोरीनं बांधून ठेवा.

जॉइंट आर्ममध्ये दाबून बसवलेला असेल तर आधी सर्क्लिप (खाचेत बसून जॉइंट अडवणारी स्प्रिंगसारखी कडी) काढा. ती विसरून ठोकत बसलं तर आर्म वाकतो, जॉइंट हलत नाही. मी तर आर्मच काढून उद्यमनगरात प्रेसवाल्याकडे नेतो, पाच मिनिटांचं काम.

बसवताना कॅसल नटची (माथ्यावर खाचा असलेल्या नटची) खाच स्टडमधल्या भोकाशी जुळली नाही तर नट मागे फिरवायचा नाही, पुढच्या खाचेपर्यंत आवळायचा. त्या भोकातून जाऊन नट अडवणारी पिनही नवीच घालायची. जुनी स्प्लिट पिन सरळ करून परत घालणाऱ्याला अण्णा आजही कट्ट्यावरून शिव्या घालतात.