शौर्यपदक मिळालेल्या सैनिकाचे चरित्र कसे लिहावे

गावातल्या शौर्यपदक मिळालेल्या सैनिकावर लिहायला बसणारा माणूस बहुधा पहिल्याच परिच्छेदात 'शूर', 'धाडसी', 'पराक्रमी' ही सगळी विशेषणे खर्ची घालतो आणि मग त्याच्याकडे सांगण्यासारखे काही उरत नाही. त्याऐवजी सुरुवात पदकाच्या प्रशस्तिपत्रापासून करावी. व्हिक्टोरिया क्रॉस या ब्रिटिशांच्या सर्वोच्च शौर्यपदकाची प्रशस्तिपत्रे 'लंडन गॅझेट' या ब्रिटिश सरकारच्या राजपत्रात छापली जात आणि ती इंटरनेटवर वाचता येतात. शोधताना मात्र स्पेलिंग त्या काळचे द्यावे. माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे तिथे 'येशवंत' म्हणून सापडतात.

घाडगे यांचेच उदाहरण घेऊ. 'नाईक' हा त्यांचा हुद्दा, आडनाव नव्हे; ५ वी मराठा लाइट इन्फन्ट्री ही रेजिमेंट आणि ३ री ही त्यांची बटालियन. हा घोळ छापील लेखांतही आढळतो. गॅझेटची तारीख नोव्हेंबर १९४४ ची आहे, पण ती पदक जाहीर झाल्याची. लढाई झाली १० जुलै १९४४ रोजी, इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात.

प्रत्यक्ष प्रसंग घडला त्याच क्रमाने आणि साध्या क्रियापदांत लिहावा. अगदी जवळून झालेल्या मशीनगनच्या माऱ्यात सेक्शनमधले, म्हणजे त्यांच्या छोट्या तुकडीतले, घाडगे सोडून सगळे ठार किंवा जखमी झाले. ते एकटेच शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले, ग्रेनेड टाकून त्यांनी मशीनगन आणि ती चालवणारा यांना संपवले, आणखी एकाला गोळी घातली आणि मॅगझीन, म्हणजे बंदुकीतली गोळ्यांची पेटी, बदलायला वेळ नसल्याने बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिनेच ठार केले. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या लागून, एकट्याने जिंकलेल्या त्या ठाण्यातच त्यांनी प्राण सोडला. वय अवघे २२. रिकाम्या मॅगझीनचा हा तपशील कोणत्याही विशेषणापेक्षा अधिक बोलतो, म्हणून तो गाळू नये. उलट, त्यांच्या तोंडी रेजिमेंटची रणगर्जना घालण्याचा मोह आवरावा, कारण प्रशस्तिपत्रात तिचा उल्लेख नाही.

यानंतर नातेवाइकांकडे जावे. पत्रे, पेन्शनचे कागद, फोटोच्या मागची अक्षरे, सगळे पाहावे. घरात समाधीविषयी काही सांगत असतील, तर ते युद्धात मेलेल्या राष्ट्रकुल सैनिकांच्या कबरी आणि स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदीशी ताडून घ्यावे. घाडगे यांचे नाव इटलीतील कॅसिनो या गावच्या स्मारकावर आहे, आणि त्या स्मारकावर ज्यांच्या कबरीचा ठावठिकाणा नाही अशांची नावे कोरलेली आहेत.