स्टेम सेलमध्ये पीएचडी करायचीय? आधी एखादा प्राणी धरा

"ताई, मला स्टेम सेलमध्ये काम करायचंय, कुठे अप्लाय करू?" एमएस्सीच्या निकालाच्या सुमारास असे मेसेज येतातच. स्टेम सेलचं (म्हणजे इतर प्रकारच्या पेशी बनवू शकणाऱ्या मूळ पेशींचं) नेमकं काय करायचंय असं उलट विचारलं, की उत्तर ठरलेलं: पार्किन्सन्स, मधुमेह, तुटलेला मणका. हेतू चांगला आहे, पण तेवढ्या भांडवलावर पीएचडीची पाच-सहा वर्षं निघत नाहीत. लॅबमध्ये रोज सकाळी ज्याचं तोंड बघायचं ते पार्किन्सन्स नसतं, डिशमधल्या पेशी नाही तर टाकीतला प्राणी असतो.

मला स्वतःला या विषयातलं सगळ्यात कमी सांगितलं जाणारं सत्य हे वाटतं: स्टेम सेल मिळणं हा अर्धाच प्रश्न आहे. यामानाका आणि ताकाहाशी या जपानी संशोधकांनी २००६ मध्ये उंदराच्या साध्या त्वचेच्या पेशी चार जनुकं घालून पुन्हा 'कोऱ्या', म्हणजे काहीही बनू शकतील अशा, करून दाखवल्या, तेव्हापासून कोऱ्या पेशींचा तुटवडा राहिलेला नाही. पण गवंडी कितीही मिळाले तरी जिना कुठे काढायचा हे कुणीतरी सांगावं लागतं. पेशीला आपण शरीरात कुठे आहोत हे कसं कळतं, हा खरा अवघड आणि खरा मजेचा भाग.

ऍक्सोलॉटलचंच बघा. मेक्सिकोचा हा सॅलमँडर तुटलेला पाय हाडा-स्नायूंसकट पुन्हा उगवतो. बरीच वर्षं समजूत अशी होती की जखमेच्या टोकाशी जमणाऱ्या पेशी काहीही बनू शकणाऱ्या असतात. २००९ मध्ये एली तानाका यांच्या गटाने दाखवलं की तसं नाही: स्नायूची पेशी बहुतेक स्नायूच बनवते, प्रत्येकीला आपलं मूळ आठवतं. २०२५ मध्ये त्याच गटाने पुढचा दुवा जोडला. पायाच्या करंगळीकडच्या पेशींमध्ये हँड२ नावाचं जनुक प्रौढपणीही मंद पेटलेलं राहतं. पाय तुटला की त्यातून 'सॉनिक हेजहॉग' नावाच्या प्रथिनाचा संदेश सुरू होतो आणि करंगळी-अंगठा या बाजू जागेवर येतात. त्याच वर्षी बॉस्टनमधल्या जेम्स मोनाघन यांच्या गटाने दुसरी दिशा उलगडली, खांद्यापासून बोटांपर्यंतची. तिथे कळीचा पदार्थ म्हणजे रेटिनॉइक आम्ल, अ जीवनसत्त्वाचं एक रूप. मनगटाकडे ते मोडून टाकणारं एन्झाइम जास्त असतं. ते एन्झाइम अडवलं, तर मनगटाशी कापलेल्या जागी पंजाऐवजी दंडापासूनचा आख्खा हात उगवायला लागतो.

हे वाचून तुम्हाला परदेशीच जायला हवं असं वाटत असेल, तर १९९२ चं 'नेचर' काढून बघा. भुवनेश्वरच्या उत्कल विद्यापीठात प्रियंबदा मोहंती हेजमाडी यांनी एका भारतीय बेडकाच्या पिल्लांची शेपूट कापून त्यांना अ जीवनसत्त्व दिलं, आणि शेपटीच्या जागी चक्क पाय उगवले! (त्या नावाजलेल्या ओडिसी नर्तिकाही होत्या. लॅबमध्ये गेलं की छंद सोडावे लागतात असं सांगणाऱ्या सिनिअरना हे जरूर ऐकवा.)

माझी पीएचडी हायड्रावर झाली. गोड्या पाण्यातला, जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा नळीसारखा प्राणी. एका टोकाला तोंड आणि भोवती स्पर्शकं, दुसऱ्या टोकाला चिकटून बसायचा पाय. मधोमध कापला की वरच्या तुकड्याला पाय फुटतो, खालच्याला डोकं. म्हणजे छेदाच्या दोन बाजूंना कालपर्यंत शेजारी असलेल्या पेशींपैकी काही डोकं करतात, काही पाय. आब्राहाम ट्रेंबले यांनी हे १७४४ मध्ये लिहून ठेवलं. एथेल ब्राउन यांनी १९०९ मध्ये एका हायड्राच्या तोंडाजवळचा तुकडा दुसऱ्याच्या धडावर बसवला आणि तिथे नवं डोकं, नवं धड निघालं. जर्मनीतल्या श्पेमान आणि हिल्डे मांगोल्ड यांचा उभयचर प्राण्यांवरचा असाच प्रसिद्ध प्रयोग त्यानंतर पंधरा वर्षांनी आला. नोबेल मात्र श्पेमान यांना.

कापणं वाटतं तितकं सोपं नाही. पिपेटने हलवलं की हायड्रा आकसून गोळा होतो, आणि त्या अवस्थेत ब्लेड चालवलं तर छेद नेमका कुठल्या उंचीवर गेला ते सांगता येत नाही. स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली डिश ठेवून हात लांब घ्यायचे, तो सावकाश पुन्हा ताणला जाईपर्यंत थांबायचं आणि मग एका दाबात कापायचं. काही तासांत जखम मिटून टोक गुळगुळीत होतं. दीड-दोन दिवसांत त्यावर स्पर्शकांचे बारीक उंचवटे दिसायला लागतात. अल्स्टरपॉलोन नावाचं रसायन देऊन डोक्याचा संदेश सगळ्या अंगभर चालू केला, तर धडावर जिकडेतिकडे स्पर्शकं फुटतात. पहिल्यांदा बघताना थोडं अंगावर येतं.

बाकीचा वेळ हमाली. आर्टेमिया या कोळंबीसारख्या बारीक जीवाची अंडी मिठाच्या पाण्यात उबवायची, पिल्लं नीट धुऊन मीठ काढायचं, हायड्रांना खाऊ घालायचं. काही तासांनी ते उरलेला चोथा तोंडावाटेच बाहेर टाकतात, मग पाणी बदलायचं. प्रयोगाआधी दिवसभर उपाशी ठेवायचं. ज्यांना हे कंटाळवाणं वाटतं त्यांनी आधीच ओळखावं. पेशींचं कल्चर हाही असाच पाळणाघराचा धंदा आहे, फक्त तिथे डोळ्यांना फारसं काही दिसत नाही.

प्राणी निवडला की लॅबची यादी आपोआप आखूड होते. हायड्रासाठी पुण्यातच आघारकर संस्था. प्लॅनेरियासाठी बंगळुरूचं इनस्टेम. या चपट्या किड्याची एक स्टेम पेशीसुद्धा आख्खा किडा पुन्हा उभा करू शकते, हे २०११ मध्ये सिद्ध झालंय. झेब्राफिश या छोट्या माशासाठी मुंबईची टीआयएफआर. पेशींवरच काम करायचं असेल तर पुण्याचं एनसीसीएस. इंडियन सोसायटी ऑफ डेव्हलपमेंटल बायोलॉजिस्ट्सच्या (म्हणजे भ्रूणापासून शरीर कसं घडतं हे शोधणाऱ्यांच्या संघटनेच्या) अधिवेशनात पोस्टरसमोर उभ्या असलेल्या पीएचडीच्या पोरांशी तासभर बोललात, तर वेबसाइट वाचून कळणार नाही इतकं कळतं.

परीक्षांबद्दल थोडक्यात. सीएसआयआर नेट या पीएचडीच्या शिष्यवृत्तीसाठीच्या परीक्षेत लाइफ सायन्सेसमध्ये पाचवं युनिट डेव्हलपमेंटल बायोलॉजीचं आहे आणि बरेच जण ते ऑप्शनला टाकतात. तुम्ही टाकू नका, मुलाखतीत तिथूनच विचारतात. जेआरएफ ही सुरुवातीची शिष्यवृत्ती २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनी वरच्या टप्प्याचे, म्हणजे एसआरएफचे, ४२,०००, शिवाय घरभाडं. आकडा बरा आहे, पण पैसे महिनोन्महिने लांबतात. मी स्वतः त्या काळात उधारीवर राहिलेय, तेव्हा थोडी गंगाजळी बाजूला ठेवा. आर किंवा पायथन एमएस्सीतच शिकून घ्या. एकेका पेशीतला आरएनए वाचण्याची पद्धत आता सगळीकडे आली आहे.

आणखी एक होणार. तुम्ही स्टेम सेलवाले आहात कळलं की लग्नकार्यात कुणीतरी आजारी मुलाची फाइल घेऊन येईल. तेव्हा स्पष्ट सांगता यायला हवं: आयसीएमआर आणि डीबीटी या केंद्र सरकारच्या संस्थांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताच्या विकारांसाठीचं बोन मॅरोसारखं प्रत्यारोपण मान्य आहे, बाकीचे वापर मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्येच, आणि ट्रायलसाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. लाखोंचं पॅकेज सांगणाऱ्या क्लिनिकचं माहितीपत्रक पुढे आलं, तर हे वाक्य गुळमुळीत न करता बोला.

लॅब बघायला गेलात की गाइडना प्रश्न विचाराच, पण तिथल्या मुलांना बाजूला घेऊन एवढं विचारा: रविवारी प्राण्यांना खाऊ कोण घालतं, पाळी लावलेली आहे का, आणि दिवाळीत ती पाळी कुणाकडे येते.