मुलाखतीतल्या या चुका टाळा : "आम्ही म्हणजे नेमके कोण?"

मुलाखतीच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना मी बरीच वर्षे बसलो आहे आणि त्याच त्या चुका पाहून आता खरोखर वैताग आला आहे. "काय वाचून जाऊ?" असे नवखा उमेदवार विचारतो, तेव्हा मी "स्वतःचा अर्ज" एवढेच सांगतो. हे उत्तर कोणालाही आवडत नाही, कारण त्यांना हवी असते हमखास विचारल्या जाणाऱ्या शंभर प्रश्नांची, उत्तरांसह तयार यादी.

सर्वांत महागात पडणारी चूक बायोडेटा लिहितानाच होते. प्रत्यक्ष कामापेक्षा एक पायरी वरचा शब्द वापरण्याचा मोह फार जणांना होतो. 'मदत केली'च्या जागी 'जबाबदारी सांभाळली' येते आणि 'जबाबदारी सांभाळली'च्या जागी 'नेतृत्व केले'. ही चूक मी स्वतः केलेली आहे. एका गोदामातल्या साठ्याच्या जुन्या नोंदी नव्या सॉफ्टवेअरमध्ये नेण्याच्या कामात मी होतो आणि बायोडेटात मी 'संपूर्ण प्रकल्पाचे नेतृत्व' असे ठोकून दिले होते. पॅनेलवर तिघे होते. त्यांतले एक गृहस्थ पंधरा-वीस मिनिटे गप्प बसले होते, मग त्यांनी नेमके त्याच ओळीवर पेनाचे टोक ठेवून विचारले, "जुना आणि नवा साठा जुळला नाही, तेव्हा काय केलेत?" मी म्हणालो, "आम्ही त्यावर तोडगा काढला." "आम्ही म्हणजे नेमके कोण?" "आमची टीम." "आणि त्यात तुम्ही?" यावर मी नियोजन, समन्वय, पाठपुरावा असे काहीबाही बोलत राहिलो. त्यांनी मान हलवली, पान उलटले आणि पुढचा प्रश्न दुसऱ्यांकडे सोपवला. ती नोकरी मला मिळाली नाही.

खरी चुटपुट पुढेच आहे. जुन्या नोंदींत काही माल खोक्यांत मोजलेला होता आणि नव्या सॉफ्टवेअरला तोच नगांत हवा होता. बारा नगांच्या खोक्यापुढे नुसता १ पडल्यामुळे साठा कमी दिसत होता, हे माझ्याच लक्षात आले होते, आणि तीन आठवडे रोज रॅकपाशी उभा राहून एकेक वस्तू मोजत ती यादी मीच दुरुस्त केली होती. त्यावर मी अर्धा तास सहज बोललो असतो. पण 'नेतृत्व' हा शब्द सांभाळण्याच्या नादात मोजदादीचे काम मला सांगण्याच्या लायकीचेच वाटले नाही. तेव्हापासून अर्ज पाठवण्यापूर्वी प्रत्येक ओळीपुढे मी पेन्सिलीने तीन गोष्टी लिहितो : माझ्या हाताने काय झाले, किती दिवस लागले आणि काय बिघडले. तिन्ही लिहिता आल्या नाहीत, तर ती ओळ मी खोडतो.

परिस्थिती, जबाबदारी, कृती आणि परिणाम या क्रमाने उत्तर देण्याची 'स्टार' नावाची पद्धत अनेकांना ठाऊक असते आणि ती वाईट नाही. परंतु बहुतेक जण परिस्थितीवर तीन मिनिटे खर्च करतात आणि स्वतःची कृती एका वाक्यात उरकतात. हे प्रमाण उलटे हवे.

दुसरी चूक म्हणजे समोरच्यांचे चेहरे वाचत बसणे. मुलाखत घेणारे हसले नाहीत, सारखे लिहीत राहिले, की उमेदवार खचतो आणि चांगले चाललेले उत्तर मध्येच बदलतो. सर्वांना तेच प्रश्न विचारून ठरलेल्या निकषांवर गुण देण्याच्या मुलाखतीत तसे कोरडे वागणे ही शिस्तच असते. अशी आखीव मुलाखत मोकळ्या गप्पांपेक्षा पुढच्या कामाचा अंदाज अधिक चांगला देते, हे श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली उमेदवार निवडण्याच्या निरनिराळ्या पद्धतींवरच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेऊन दाखवले. कोणती पद्धत किती अचूक अंदाज देते, याचे ते आकडे २०२२ साली सॅकेट या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्याने तपासले, तेव्हा बहुतेक आकडे खाली आले, तरी आखीव मुलाखत या पद्धतींच्या यादीत सर्वांत वर राहिली. तेव्हा समोरचे लिहीत असतील तर लिहू द्यावे; तुमचेच मुद्दे कागदावर उतरत असतात.

ऑनलाइन मुलाखतीत पडद्यावरचे तयार उत्तर वाचणाऱ्यांबद्दल मला अजिबात सहानुभूती नाही. डोळे डावीकडून उजवीकडे सरकतात, ओळ संपली की झटकन मागे येतात, आणि 'अं', 'म्हणजे' यांचा मागमूस नसलेले ते गुळगुळीत बोलणे मी पहिल्या उपप्रश्नाला थांबवतो. त्यापेक्षा "हे मी केलेले नाही, पण सुरुवात अमुक ठिकाणाहून करेन" असे म्हणणारा उमेदवार मला कधीही चालतो.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगण्याजोग्या आहेत. जुन्या साहेबांची उणीदुणी काढू नयेत. नोटीस पिरियड किती आहे, हे आधी नेमणूकपत्रात पाहून घ्यावे, कारण मुलाखतीत अंदाजाने सांगितलेला आकडा नंतर नडतो. "तुम्हाला काही विचारायचे आहे का?" याला "नाही" म्हणू नये, या जागेवर आधी कोण होते आणि ते का गेले, हा माझा नेहमीचा प्रश्न आहे.

निकाल कधी कळेल, हे उठण्यापूर्वीच विचारून घ्यावे आणि ती तारीख उलटल्यावर तीन ओळींचा ईमेल पाठवावा. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊलाच फोन करणारे उमेदवार मी पाहिले आहेत. तोवर पॅनेलने आपापल्या गुणांची बेरीजसुद्धा केलेली नसते.