डॉक डायव्हिंग: धाव कोठून सुरू करावी
अमेरिकेत रुजलेल्या डॉक डायव्हिंगच्या खेळात कुत्रा पाण्याकाठच्या धक्क्यावरून (फलाटासारख्या मंचावरून) धावत येऊन, फेकलेल्या खेळण्यामागे पाण्यात लांब उडी मारतो. हा धक्का साधारणपणे 40 फूट लांब आणि पाण्यापासून 2 फूट उंच असतो. मात्र एवढी जागा आहे म्हणून ती सगळी वापरलीच पाहिजे, असे नाही. उडीचे अंतर सहसा धक्क्याच्या कडेपासून, कुत्र्याच्या शेपटीचे मूळ पाण्याला टेकते तेथपर्यंत मोजले जाते. त्यामुळे कडेच्या दोन फूट अलीकडूनच झेपावणारा कुत्रा तेवढे अंतर फुकट घालवतो.

नवख्या कुत्र्याला कडेपासून 10 ते 15 फुटांवर बसवावे, खेळणे फेकावे आणि त्याचे मागचे पाय नेमके कोठून सुटतात, हे बाजूने मोबाइलवर चित्रित करून पाहावे. शेवटच्या ढांगेला तो पावले आखडती घेत असेल, तर सुरुवातीची जागा फूटभरच पुढे-मागे सरकवावी आणि सरावाच्या धक्क्यावर चिकटपट्टीने खूण करावी. लांब धावेने वेग वाढतो हे खरे, पण कडेशी कचरणाऱ्या कुत्र्याला त्या वेगाचा काय उपयोग? शिवाय ‘थांब’ म्हटल्यावर जो जागचा हलतोच, त्याच्या बाबतीत हे सारे मोजमाप व्यर्थ आहे. आधी त्याला थांबायला शिकवावे.